सायको २ (१९८३): पडद्यामागच्या गोष्टी, आणि या सिक्वेलला लोक उगाच का हिणवतात?

रात्रपाळी

आधीच सांगतो, धाग्यात शेवट फोडणार आहे. ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या, मग भांडायला या.

स्लॅशर (सुरीबाज खुन्याचे भयपट) सिक्वेल म्हटलं की लोक नाक मुरडतात आणि त्यात चूक काही नाही, दहातले नऊ टाकाऊच असतात. पण सायको २ च्या बाबतीत गंमत अशी की त्याला नावं ठेवणाऱ्या बहुतेकांनी तो पाहिलेलाच नसतो. हिचकॉकच्या सिनेमाचा दुसरा भाग? कुणी काढला? कशाला काढला? एवढ्यावर विषय संपतो. म्हणून म्हटलं तो कसा बनला ते एकदा नीट लिहावं, कारण ती कहाणी कळली की सिनेमाकडे बघायची नजरच बदलते.

सुरुवात पुस्तकापासून. मूळ सायको रॉबर्ट ब्लॉकच्या १९५९ च्या कादंबरीवर होता. हिचकॉकने तिचे हक्क स्वतःचं नाव पुढे न करता साडेनऊ हजार डॉलरला घेतले, ब्लॉकला घेणारा कोण ते माहीतच नव्हतं. पुढे १९८२ साली ब्लॉकने सायको २ नावाची कादंबरी काढली, ज्यात नॉर्मन बेट्स (मूळ सिनेमातला मोटेलवाला, मेलेल्या आईच्या वेषात खून करणारा) ननचे कपडे घालून वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि गोष्ट जाते हॉलिवुडमध्ये, जिथे त्याच्यावरच सिनेमा बनतोय. हॉलिवुडची भरपूर टिंगल आहे त्यात. युनिव्हर्सल स्टुडिओला ती अजिबात पचली नाही. त्यांनी ब्लॉकची गोष्ट बाजूला ठेवली आणि स्वतःची वेगळी लिहून घेतली टॉम हॉलंडकडून. म्हणजे नाव तेच, साल जवळपास तेच, पण पुस्तक आणि सिनेमा यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

सुरुवातीला हा प्रकार केबल टीव्हीसाठीच करायचा विचार होता. मूळचा नॉर्मन झालेला अँथनी पर्किन्स आधी नाही म्हणत होता, पण स्क्रिप्ट वाचून तयार झाला आणि मग थिएटरचा सिनेमा झाला.

दिग्दर्शक रिचर्ड फ्रँकलिन, हा ऑस्ट्रेलियन. कॅलिफोर्नियात फिल्मचं शिक्षण घेत असताना याने हिचकॉकला कॉलेजात बोलायला बोलावलं होतं आणि नंतर हिचकॉकने त्याला आपल्या टोपाझ सिनेमाच्या सेटवर यायला सांगितलं. सायको २ च्या आधी त्याने रोडगेम्स (१९८१) केला, त्यात हिरो ट्रकवाला, समोरच्या काचेतून जग बघणारा. हिचकॉकच्या रिअर विंडोला (खिडकीतून शेजाऱ्यांकडे बघत बसणाऱ्या माणसाचा सिनेमा) चाकं लावली की काय होईल, तसा. थोडक्यात, कुणीतरी उचलून आणलेला भाडोत्री माणूस नव्हता हा, हिचकॉकचा पक्का भक्त होता.

निर्माता हिल्टन ग्रीन तर मूळ सायकोवर हिचकॉकचा असिस्टंट डायरेक्टर. हिचकॉक गेला एप्रिल १९८० मध्ये. पण सेटवर त्याच्या हाताखाली राबलेला माणूस तिथे हजर होता.

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा. सायको २ सुरू होतो मूळ शॉवर सीनने (मोटेलच्या बाथरूममधला तो प्रसिद्ध खून), काळापांढरा, जसाच्या तसा. आणि त्या सीनमध्ये पर्किन्स नाहीच! १९६० चा सीन शूट झाला तेव्हा तो न्यूयॉर्कात नाटकाच्या तालमीत होता, पडद्यामागून दिसते ती सावली मार्गो एपर नावाच्या स्टंटबाईची. म्हणजे नॉर्मनची गोष्ट पुढे सांगणारा सिनेमा सुरू होतो तो नॉर्मन करणारा नट जिथे नव्हताच त्या प्रसंगापासून. ठरवून केलं असेल असं नाही, पण पुढचा अख्खा सिनेमाच "खून नक्की कोण करतंय" याच्यावर आहे, त्यामुळे मला भारी वाटतं.

अजून बरंच आहे पण आधी कोण कोण जागं आहे बघू.

झंप्या

टॉम हॉलंड म्हणजे आपला स्पायडरमॅन??? तेव्हा जन्मला तरी होता का तो 😂

रात्रपाळी

@झंप्या, अपेक्षित प्रश्न, अपेक्षित माणसाकडून. हा वेगळा. याने पुढे फ्राइट नाइट (१९८५) आणि चाइल्ड्स प्ले (१९८८) दिग्दर्शित केले, म्हणजे त्या चकी बाहुलीचा बाप म्हण हवं तर (बापांपैकी एक). सायको २ मध्ये एक डेप्युटी नॉरिस नावाचा पोलिस आहे बघ, तो हाच. स्वतःच लिहिलेल्या सिनेमात खाकी घालून उभा.

गोष्टीवेल्हाळ

वा, धागा काढलात हे बरं केलंत. माझी भर त्या घराबद्दल, कारण सायको २ मध्ये माझ्या मते खरा हिरो घर आहे आणि घराचा खरा हिरो अल्बर्ट व्हिटलॉक.

टेकडीवरचं ते बेट्सचं घर युनिव्हर्सलच्या बॅकलॉटवर (स्टुडिओचं उघड्यावरचं शूटिंगचं आवार) अजून उभं होतं. पण खालचं मोटेल राहिलं नव्हतं. मग मोटेलचा थोडाच भाग पुन्हा बांधला, उरलेलं सगळं रंगवलं. म्हणजे काचेवर हाताने चित्र काढून ते खऱ्या शॉटला जोडायचं, मॅट पेंटिंग. काँप्युटर वगैरे काही नाही. व्हिटलॉक या कामातला दादा माणूस, अर्थक्वेक (१९७४) आणि हिंडेनबर्ग (१९७५) साठी ऑस्कर घेतलेला, आणि बर्ड्स, टॉर्न कर्टन अशा हिचकॉकच्याच सिनेमांवर काम केलेला. म्हणजे इथेही परत हिचकॉकचाच माणूस.

शॉवर सीन संपल्यावर जी फ्रेम येते ती आठवा. घर, काळंपांढरं, आणि मग हळूहळू त्यात रंग भरत जातो आणि सकाळ होते आणि नावं सुरू होतात. एका शॉटमध्ये २२ वर्षं गेली. कुठेही "२२ वर्षांनंतर" अशी पाटी टाकायची गरज पडली नाही (आमच्या सिरियलवाल्यांनी शिकावं). आणि शेवटचा शॉट, संध्याकाळचं ते आभाळ, घराबाहेर उभा नॉर्मन आणि वर खिडकीत आई, तो मी पॉज करून भिंतीवर लावावा इतका सुंदर आहे. लोक मूळ सिनेमातली घराची फ्रेम लक्षात ठेवतात, मला दुसऱ्यातली जास्त आवडते. मारा आता.

अवांतर: आईच्या खोलीत नॉर्मन आणि मेरी (त्याच्या घरी राहायला आलेली मुलगी) पहिल्यांदा जातात ना, दिवा लावायच्या आधी, तेव्हा उजवीकडे भिंतीवर एक ओळखीची ढेरी आणि हनुवटी सावलीत दिसते. हिचकॉक स्वतःच्या बहुतेक सिनेमांत क्षणभर डोकावायचा, त्याला केलेला हा नमस्कार.

न्यूजर्सीकर

युनिव्हर्सलच्या टूरमध्ये ट्रॅम अजूनही त्या मोटेलसमोरून जाते आणि नॉर्मनच्या वेषातला एक नट सुरी घेऊन ट्रॅमच्या मागे येतो. आमच्या पोरांना ते घर कुठल्या सिनेमाचं आहे हेही माहीत नव्हतं, ती पुढच्या शार्ककडे लक्ष लावून बसलेली. असो. वाचतोय, लिहा अजून.

मीनल_ठाणे

धागा छान पण मला एक मुद्दा मांडायचाय, जो या सिनेमाचे फॅन्स नेहमी गुंडाळून ठेवतात. लायलाचं काय?

मूळ सायकोमध्ये मेरियन (जेनेट ली) मेली, तिची बहीण लायला म्हणजे व्हेरा माइल्स. तीच तळघरापर्यंत गेली, तिच्यामुळे नॉर्मन सापडला. २२ वर्षांनी नॉर्मनला बरा झाला म्हणून सोडतात आणि ही बाई कोर्टात सातशेवर सह्यांचा अर्ज घेऊन उभी राहते की याला सोडू नका. तिची सख्खी बहीण मारलीय हो त्याने! आणि सिनेमा तिलाच खलनायिका करतो. ती आणि तिची मुलगी मेरी मिळून नॉर्मनला परत वेडा करायचा डाव टाकतात, फोन काय, चिठ्ठ्या काय, आईचे कपडे काय. प्रेक्षक नॉर्मनसाठी हळहळतो आणि लायला तोंडात सुरी खुपसून मारली जाते. मला हे प्रत्येक वेळी खटकतं.

व्हेरा माइल्सचं एकूणच नशीब विचित्र. व्हर्टिगोची नायिका खरं तर ती होणार होती पण गरोदर राहिली आणि रोल गेला किम नोव्हाककडे. सायकोच्या वेळी आधीच्या सिनेमासाठी डोकं भादरलेलं होतं म्हणून अख्खा सिनेमा विग घालून केला. आणि वीसेक वर्षांनी परत बोलावलं तर हे असं. तरी काम काय केलंय बाईंनी! कोर्टातली पहिली दोन मिनिटं बघा नुसती.

आणि तिचा नवरा सॅम लूमिस, म्हणजे पहिल्यातला जॉन गॅव्हिन, तो दुसऱ्यात मेलेला दाखवलाय. गॅव्हिन तेव्हा खऱ्या आयुष्यात मेक्सिकोत अमेरिकेचा राजदूत होता 😀 रेगनने नेमलेला. राजदूत सोडून मोटेलात थोडाच येणार.

कर्जत_लोकल

मीनलताईंना अनुमोदन आणि वर माझी एक्स्ट्रा तक्रार.

तुम्ही सगळे हिचकॉक हिचकॉक करताय पण हा सिनेमा १९८३ चा स्लॅशर आहे, साध्या डोळ्यांनी बघा. हॅलोविन येऊन गेला, फ्रायडे द थर्टीन्थचे तीन भाग झाले, त्यातला तिसरा तर थ्रीडी. थिएटरात पोरं येतात ती सुरी बघायला. म्हणून मग तळघरात चोरून शिरलेलं ते पोरगा-पोरगीचं जोडपं आणलं, पोरगा मारला, गोष्टीत त्या दोघांचं दुसरं काहीही काम नाही, फक्त मारायला आणले. म्हणून तोंडातून आरपार सुरी. हिचकॉकने मूळ शॉवर सीनमध्ये जखम जवळपास न दाखवता लोकांची झोप उडवली, इथे सगळं उघडं करून दाखवलंय. भक्ती वगैरे ठीक आहे पण युनिव्हर्सलला गल्ला हवा होता, आणि मिळाला.

आणि शेवट. मिसेस स्पूल. हॉटेलात काम करणारी म्हातारी शेवटी दारात येऊन म्हणते मीच तुझी खरी आई. यासाठी दोन तास बसलो? आणि मग फावडं! अहो फावडं!

रात्रपाळी

आलात का @कर्जत_लोकल, तुमचीच वाट बघत होतो 😀

गल्ल्याचं खरं आहे. खर्च साधारण ५० लाख डॉलर आणि अमेरिकेतच साडेतीन कोटींच्या आसपास कमाई. ३ जून १९८३ ला लागला, म्हणजे वॉरगेम्ससोबत आणि रिटर्न ऑफ द जेडायला जेमतेम दीड आठवडा झालेला असताना. त्या गर्दीत तरला, म्हणजे पब्लिकला आवडला. तळघरातलं जोडपं मात्र तुम्हाला देऊन टाकतो, ते मलाही नको वाटतं.

पण "१९८३ चा स्लॅशर" म्हणून उडवून लावता येत नाही, कारण कोण कोणाकडून शिकलं ते बघा. हॅलोविन (१९७८) मधल्या डॉक्टरचं नाव लूमिस, हे थेट सायकोच्या सॅम लूमिसवरून. त्यातली नायिका जेमी ली कर्टिस, म्हणजे जेनेट लीची पोरगी. आणि हॅलोविनचा कॅमेरामन डीन कंडी. आता सायको २ चा कॅमेरामन कोण? डीन कंडीच. १९८२ ला द थिंग करून आलेला, पुढे बॅक टू द फ्यूचर आणि ज्युरासिक पार्क करणारा. सायकोवरून ज्यांनी स्लॅशर उभा केला त्यांच्यातलाच एक माणूस परत सायकोच्या घरात आला. त्यामुळे घरातले अंधारे जिने, वरून लावलेला कॅमेरा, दाराच्या फटीतून येणारा उजेड हे सगळं दोन्हीकडचं मिसळून आलंय. डॉ. रेमंड (रॉबर्ट लॉजिया) जिन्याच्या कठड्यावरून खाली पडतो तो शॉट घ्या, मूळ सिनेमात जिन्यावरून पडणाऱ्या डिटेक्टिव्ह आर्बोगास्टची आठवण करून देतो पण नक्कल नाही.

आणि मेलेल्यांचा हिशोब मांडा एकदा. तो मोटेलचा मॅनेजर टूमी (डेनिस फ्रान्झ, काय किळसवाणा केलाय त्याने, व्वा), तो पोरगा, लायला, हे सगळे स्पूलबाईंचे. डॉ. रेमंड मेरीच्या हातून, तेही चुकून. मेरी पोलिसांच्या गोळीने. नॉर्मनने अख्ख्या सिनेमात एक खून केला. एक. तोही शेवटच्या पाच मिनिटांत, फावड्याने. म्हणजे ज्याच्या नावावर सिनेमा विकला तो राक्षस सिनेमाभर निर्दोष आहे, बाकी सगळे मिळून त्याला राक्षस करतात, आणि तो परत तसा झाला की सिनेमा थांबतो. दुसऱ्या कुठल्या स्लॅशरने ही हिंमत केली दाखवा. म्हणून ते फावडं मला जोक वाटत नाही हो. त्या आधी तो बाईंना चहा देतो, सँडविच देतो, शांतपणे गप्पा मारतो, आणि चहा मुळात विषारी असतोच.

@मीनल_ठाणे, लायलाबद्दल तुमचं म्हणणं पटतं. पण मला वाटतं सिनेमालाही ते माहीत आहे. मेरी स्वतः मध्येच पलटते ना, आईला सांगते की हा माणूस खरंच बरा झालाय, आता सोड. मेरी सॅम्युएल्स हे नाव पण बघा, मेरियनने मोटेलच्या वहीत खोटं नाव लिहिलं होतं मरी (Marie) सॅम्युएल्स, जवळपास तेच. लायलाने बहिणीचं शेवटचं खोटं नाव आपल्या मुलीला चिकटवून तिला त्याच घरात पाठवलं. सुडाने बाई किती पोखरली गेलीय ते या एका नावात कळतं, कुणी बोलून दाखवत नाही.

केळफूल

संगीताबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी येते.

मूळ सायकोचा संगीतकार बर्नार्ड हर्मन १९७५ मध्येच गेला होता. त्याची ती किंचाळणारी व्हायोलिनं नुसती वाजवली असती तरी थिएटर हललं असतं, आणि कुठलाही आळशी माणूस तेच करेल. जेरी गोल्डस्मिथने ते केलं नाही. सुरुवातीच्या जुन्या शॉवर सीनमध्ये हर्मन आहे तेवढा आहे, त्यानंतर गोल्डस्मिथची स्वतःची चाल येते, पियानोवर, इतकी हळवी की वाटावं हॉरर सिनेमा चुकून बदलला. घरी परत आलेल्या एका एकट्या माणसाची चाल आहे ती. ओमेनसाठी ऑस्कर घेतलेला माणूस, त्याला घाबरवता येत नव्हतं असं थोडंच आहे! त्याने मुद्दाम नॉर्मनची बाजू घेतली.

माझ्या मते नॉर्मन आपल्याला आवडायला लागतो त्यात निम्मा वाटा पर्किन्सचा आणि निम्मा या चालीचा. हेडफोन लावून ऐका, रात्री नको.

आणि आईचा आवाज! मूळ सिनेमात आईचा आवाज तिघांचा मिळून होता, त्यातली एक व्हर्जिनिया ग्रेग. दुसऱ्या भागात परत तिलाच आणलं. पडद्यावर नाव नाही, तरी आणलं. कुणी ओळखलं असतं का? पण केलं.

झंप्या

काल रात्री बघितला एकदाचा (कुठे ते विचारू नका). साला पर्किन्स काय अॅक्टिंग करतो यार. तो किचनमध्ये सुरीला हात लावायला घाबरतो, "कटलरी" म्हणताना अडखळतो तिथे मला हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं आणि भीती पण वाटली, तिन्ही एकदम कसं काय. चीज सँडविचचं मेरीला सांगतो तो सीन पण, आईची आठवण निघते तो. आणि तो फोनवर आईशी बोलत असतो आणि मेरी दुसऱ्या फोनवर ऐकते आणि तिकडून कुणीच बोलत नसतं!! तिथे मी लाइट लावले.

आणि लहानपणीचा नॉर्मन दाखवलाय थोडासा, तो पोरगा सेम पर्किन्ससारखा दिसतो, कुठून शोधला?

गोष्टीवेल्हाळ

@झंप्या, घरातूनच शोधला. तो पर्किन्सचा थोरला मुलगा ऑझ. तोच आता मोठा होऊन हॉररच करतो, २०२४ चा लाँगलेग्ज त्याचा.

झंप्या

क्काय!!! लाँगलेग्ज पाहिलाय मी. दोन दिवस झोपलो नव्हतो. खानदानी धंदा निघाला हा तर.

न्यूजर्सीकर

मेरी झालेल्या मेग टिलीचं कुणीतरी कौतुक करा रे, समोर पर्किन्स असताना टिकून राहणं सोपं नाही. दोन वर्षांनी तिला ॲग्नेस ऑफ गॉडसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. मेरी शॉवर घेते तो सीन तर दिग्दर्शकाने प्रेक्षकांना मुद्दाम छळायला ठेवलाय, सगळी जुनी जमवाजमव, तोच नळ, तीच वाफ, भिंतीच्या भोकातून कुणीतरी बघतंय, आणि होत काहीच नाही.

तिसरा भाग बघावा का? कुणी पाहिलाय?

कर्जत_लोकल

मी पाहिलाय. आणि आता मजा ऐका, म्हणजे माझ्या तक्रारीला पर्किन्सचाच पाठिंबा कसा आहे ते.

सायको ३ (१९८६) पर्किन्सने स्वतः दिग्दर्शित केला. त्यात काय निघतं? स्पूलबाई नॉर्मनची आई नव्हतीच! मावशी होती, नॉर्मनच्या बापावर जीव जडलेला, त्याला मारून पोर पळवलं वगैरे वगैरे. म्हणजे दुसऱ्या भागाचा शेवट तिसऱ्यात पुसून टाकला. मग १९९० मध्ये सायको ४ आला टीव्हीवर, लिहिणारा जोसेफ स्टेफानो, म्हणजे १९६० च्या मूळ सायकोचा पटकथाकार, आणि त्याने तर दुसऱ्या-तिसऱ्यातलं हे आई-मावशी प्रकरण विचारातच घेतलं नाही. तेव्हा स्पूलबाई कुणालाच नको होत्या, मी एकटा नाही.

फोनचा सीन मात्र जबरदस्त, ते मान्य. म्हाताऱ्या बाईंशिवाय सिनेमा मला पावणेदोन तास आवडतो.

रात्रपाळी

@कर्जत_लोकल, तिसऱ्यात पुसला म्हणून दुसऱ्यातला वाईट ठरत नाही. उलट दुसऱ्यात स्पूलबाई खरं बोलतायत की नाही हे सिनेमा कुठेही ठरवून सांगत नाही. बाई म्हणते, नॉर्मन मानतो, संपलं. वेड्याला कुणीतरी आई आहे म्हणून सांगितलं आणि त्याने ती लगेच वर खोलीत नेऊन बसवली. तिसऱ्याने सगळ्याचा खुलासा केला, तिथे मजा गेली.

@न्यूजर्सीकर, बघा तिसरा, पर्किन्सला नॉर्मन किती आतून माहीत होता ते दिसतं, पण दुसरा बघितल्यावर लगेच नको, आठवडाभर जाऊ द्या. त्याच्यावर बोलायचं तर वेगळा धागा काढा, इथे कर्जत_लोकल परत फावड्यावर येतील.